पिवळी पिन की एचडीएमआय? नव्या टीव्हीची जोडणी, गावच्या घरात

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस माझ्या फोनला उसंत नसते. चाकरमानी मुंबईहून येतात, येताना गावच्या घराला नवा टीव्ही आणतात, खोकं फोडून तो टेबलावर उभा करतात आणि मागची भोकं बघितली की मला फोन लावतात. मालवण तालुक्यात छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, बसवणं आणि टीव्ही जोडणं हा माझा धंदा. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय. ज्याने आजवर एकही वायर हातात घेतली नाही, त्यालाही हे वाचून जमेल.

गेल्या वर्षी आचऱ्याला एका काकीकडे गेलो होतो. त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्ही, पुतण्याने हौसेने आणून माजघराच्या भिंतीला लावलेला. काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, “टीव्ही घेतल्यान खरो रे, पण माणसां धुक्यातसून चलतत तशी दिसतत. ह्याच्यापेक्षा आमचो जुनो डबो बरो होतो.” मागे हात घातला, तर जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर तशीच उचलून नव्याला लावलेली. सेट टॉप बॉक्स एचडी होता. त्याच्या पाठीवर एचडीएमआयचं सॉकेटही होतं. फक्त त्यात कुंभारणीने, म्हणजे चिखलाचं घर करणाऱ्या माशीने, मातीचं घर बांधलं होतं. काकीचं पुढे सांगतो.

आधी डब्याची पाठ बघा

लोक सुरुवात टीव्हीपासून करतात. टीव्हीला पोर्ट किती, त्यातला चांगला कुठला, वगैरे. सुरुवात उलट बाजूने करायची. चित्र जिथून निघतंय ती वस्तू, म्हणजे सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, लॅपटॉप, जे काय असेल ते, हातात घ्या आणि तिच्या मागे कुठली सॉकेट आहेत ते वाचा. टीव्ही बिचारा येईल ते दाखवतो. मागे अंधार असतो आणि अक्षरं काळ्यावर काळी, तेव्हा मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून बघा. मान वाकडी करण्यापेक्षा हे बरं.

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे पिवळं गोल सॉकेट, शेजारी लाल आणि पांढरं. याला आम्ही एव्ही म्हणतो, पुस्तकी नाव कम्पोझिट. चित्र फक्त पिवळ्यातून जातं. पांढऱ्यातून डावा आवाज, लालातून उजवा. चित्र आहे पण आवाज एकाच स्पीकरला येतोय, तर लाल किंवा पांढरी पिन निसटलेली असते. त्यासाठी मला बोलावू नका.

हिरवं, निळं, लाल अशी तीन गोल सॉकेट म्हणजे कम्पोनंट. हीसुद्धा ॲनालॉगच, पण चित्र तीन वायरींत वाटून नेते, म्हणून एचडीपर्यंत पोचते. इथे हमखास घोळ होतो, कारण आवाजाचीही एक लाल पिन असते आणि एकूण लाल दोन होतात. चित्राला जांभळट नाहीतर हिरवट छटा आली की लालची अदलाबदल झाली असं समजा. काही टीव्हींवर हिरवं सॉकेटच पिवळ्याचंही काम करतं. त्याच्याभोवती अर्धी हिरवी, अर्धी पिवळी कडा असते. तिथे पिवळी पिन हिरव्यात लावायची आणि टीव्हीच्या मेनूत एव्ही निवडायचं.

दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं, बहुधा निळं, पंधरा पिनांचं सॉकेट म्हणजे व्हीजीए. ते १९८७ साली आलं, कॉम्प्युटरसाठी. ॲनालॉग आहे आणि आवाज नेत नाही.

आणि चपटं, खालचे दोन कोपरे तासल्यासारखं दिसतं ते एचडीएमआय. त्याचं पहिलं स्वरूप डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालं. आत एकोणीस पिना. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून, आणि दोन्ही डिजिटल.

ॲनालॉग आणि डिजिटल म्हणजे नेमकं काय

खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारली, तर वाऱ्यात अर्धे शब्द विरतात, पण मतलब कळतो. चिठ्ठी लिहून तरीतून पाठवली, तर अक्षर न् अक्षर पोचतं. मात्र चिठ्ठी भिजली तर हाती काहीच येत नाही. ॲनालॉग म्हणजे हाक आणि डिजिटल म्हणजे चिठ्ठी.

ॲनालॉग वायरीत चित्राच्या उजेडाप्रमाणे व्होल्टेज वरखाली होत असतं. वाटेत पंख्याचा, मिक्सरचा, खराब अर्थिंगचा जो काही गोंगाट मिसळेल, तो चित्रातच राहतो. मुंग्या, सावल्या, वर सरकणारे आडवे पट्टे हे सगळं त्यातून येतं. डिजिटल वायरीत आकडे जातात. ते थोडे बिघडले तरी टीव्ही शून्याला शून्य आणि एकाला एकच समजतो, म्हणून चित्र मूळच्यासारखं उभं राहतं. जास्त बिघडले तर पांढऱ्या ठिणग्या उडतात, चित्र सेकंदभर काळं होतं आणि मग “नो सिग्नल”.

यातूनच उत्तर निघतं की महागड्या एचडीएमआय केबलने चित्र जास्त चांगलं दिसतं का. दिसत नाही. पोचलेली चिठ्ठी ती पोचलेली चिठ्ठी. पाच हजारांची केबल गळ्यात मारणारे दुकानदार आहेत. दोन मीटरला साधी, बऱ्यापैकी जाड आवरणाची केबल पुरते. फोर-के टीव्ही असेल तर पाकिटावर “प्रीमियम हाय स्पीड” असं लिहिलेली घ्या. त्यापुढची “अल्ट्रा हाय स्पीड” ही नव्या गेमवाल्यांसाठी, सेट टॉप बॉक्सला तिचा काही उपयोग नाही.

पाचातले चार ठिपके कुठे जातात

आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ साली आला, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी. पद्धत होती पॅल. पिवळी वायर अजूनही त्याच हिशोबाने चालते: उभ्या दिशेला ५७६ दिसणाऱ्या ओळी, डिजिटल मापात सांगायचं तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. भागाकार करून बघा, बरोबर पाचपट. एचडी बॉक्सला पिवळी वायर लावली की बॉक्स पाच ठिपक्यांचा एक करून पाठवतो आणि टीव्ही त्या एकाचे पुन्हा पाच करायला बसतो. गेलेले चार परत येत नाहीत, टीव्ही फक्त फुगवतो.

वर आणखी एक भानगड. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असतात, रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून जातो. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि बारीक नक्षी आली की त्याची फसगत होते. म्हणून बातम्या देणाऱ्याच्या चौकड्याच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचतं आणि लाल अक्षरांच्या कडेला ठिपके सरपटतात.

जुना एकवीस इंची टीव्ही बरा दिसायचा, हे काकीचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्या लहान काचेवर तेवढे ठिपके दाट बसायचे. तेच चित्र त्रेचाळीस इंचावर ताणलं की विरळ होतं. टीव्ही मोठा घेतला की वायरीचं दारिद्र्य दिसायला लागतं.

कुठल्या डब्याला कुठली वायर

एचडी सेट टॉप बॉक्स असेल तर विचार करायचाच नाही, एचडीएमआय. पण त्याबरोबर पॅकही एचडीचा आहे ना ते बघा. साध्या चॅनेलला एचडीएमआय लावून तो एचडी होत नाही. मुंग्या जातील, अक्षरं जरा सुटसुटीत होतील, एवढंच. केबलवाल्याकडची जोडणीसुद्धा आता डिजिटलच आहे. मुंबईत ती सक्ती २०१२ साली झाली आणि शेवटच्या टप्प्यात, मार्च २०१७ पर्यंत, आपल्यासारख्या गावांवर आली. तेव्हा बॉक्सपर्यंत चित्र डिजिटलच पोचतं. शेवटच्या दीड मीटरसाठी त्याचं ॲनालॉग करणं म्हणजे मालवणहून ताजा सुरमई आणायचा आणि घरात येऊन खारवायचा.

डीडी फ्री डिशचं जरा वेगळं आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे बंद घरांत आणि म्हाताऱ्या माणसांकडे तीच असते. तिचे जुने स्वस्त बॉक्स बऱ्याचदा फक्त एव्हीचेच असतात. मग एव्ही लावा आणि निवांत बघा. एव्हीतून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर घेऊन चित्र सुधारत नाही, कारण ठिपके बॉक्समधूनच कमी निघालेत. तेच पैसे घालून एमपेग-फोरचा (ही चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत), एचडीएमआय असलेला बॉक्स घ्या. पाहायला मिळणारे चॅनेलही वाढतात. छत्री तीच चालते. आपल्याकडून ती आग्नेयेला बघते, ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे. त्या दिशेला माडाची नवी झावळी वाढली असेल, तर वायर बदलून काही होणार नाही, माड झाडून घ्या.

डीव्हीडी प्लेअरवर कम्पोनंट असेल आणि टीव्हीलाही असेल, तर तो पिवळ्यापेक्षा स्पष्ट चांगला. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तो. नव्या टीव्हींवरून कम्पोनंट हळूहळू गायब झाला, आणि त्याचं एक कारण नक्कल होण्याची भीती. ब्लू-रेच्या, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या एचडी डिस्कच्या, परवान्यात अट होती की २०१० नंतर बनलेल्या प्लेअरने ॲनालॉगमधून एचडी द्यायचं नाही आणि २०१३ नंतरच्या प्लेअरने ॲनालॉग चित्र द्यायचंच नाही.

लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर प्रश्न मिटला. जुन्याला फक्त व्हीजीए असेल आणि टीव्हीलाही असेल, तर चित्र चांगलंच येतं. आवाजासाठी हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर न्यायची एवढं लक्षात ठेवा. डीव्हीआय नावाचं पांढरं, चौकोनी पिनांचं सॉकेट दिसलं, तर साध्या अडॅप्टरने ते एचडीएमआयला जोडता येतं, कारण त्यातली डिजिटल भाषा तीच. आवाज मात्र बहुधा नाही.

आणि व्हीसीआर. हसू नका, आमच्याकडे अजून निघतात. पेटाऱ्यात लग्नाच्या कॅसेट, देवळातल्या दशावताराचं कोणीतरी केलेलं शूटिंग. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या दिशेला जेमतेम २४० रेघांचा तपशील असतो. तिथे पिवळी पिनच योग्य, तिच्यापेक्षा जास्त मागायला कॅसेटकडे काही नसतंच. म्हणून नवा टीव्ही घेताना घरात अशा कॅसेट असतील, तर टीव्हीला एव्ही इनपुट आहे का हे दुकानातच विचारा. हल्ली तीन सॉकेटऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि तीन रंगांत फुटणारी छोटी वायर खोक्यात येते. ती जपून ठेवा. बाजारातल्या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वायरीत आतली जोडणी वेगळी असू शकते. मग चित्राच्या जागी काहीच नाही आणि स्पीकरमधून नुसती गुणगुण.

कन्व्हर्टरचं तोंड

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, एका बाजूला तीन रंग, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. दिसायला दोन्ही जाती सारख्याच. एक एव्ही टू एचडीएमआय, म्हणजे जुना प्लेअर नव्या टीव्हीला. दुसरा एचडीएमआय टू एव्ही, म्हणजे नवी स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी, एचडीएमआयमध्ये खोचायची कांडी) जुन्या टीव्हीला. एकाचं काम दुसरा करत नाही, उलटा लावून चालत नाही. मीच एकदा मुंबईहून सहा नग मागवले आणि पाठवणाऱ्याने सगळे उलट्या जातीचे पाठवले. त्यातले चार अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. डब्यावरचं “इन” कुठल्या बाजूला आहे ते वाचून मगच पैसे द्या. शिवाय या डब्यांना बहुतेक वेळा वेगळी वीज लागते, टीव्हीच्या यूएसबीतून देता येते.

मंडळात मॅच दाखवायची म्हणून जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला स्टिक जोडायला बघितलीत आणि पडदा काळा राहिला, तर वायर हलवत बसू नका. एचडीएमआयमध्ये एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. समोरच्या यंत्राकडे त्याची किल्ली नसेल तर ॲप चित्र सोडत नाही. एचडीएमआयवाला प्रोजेक्टर भाड्याने आणा.

प्रत्यक्ष जोडताना

टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद, दोन्ही प्लग भिंतीतून बाहेर. हे मी भित्रेपणाने सांगत नाही. आपल्याकडे कातळावर अर्थिंगचा खड्डा नीट उतरत नाही, उन्हाळ्यात तर तो कोरडा ठणठणीत असतो. बॉक्सच्या पत्र्याला हात लावल्यावर चिमटा बसतो तो त्याचाच. चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली की तो चिमटा टीव्हीच्या बोर्डाला बसतो.

पिन रुंद बाजू वर की खाली ते बघून सरळ ढकला, जोर लावू नका. टीव्हीवर दोन-तीन एचडीएमआय असतील आणि एकावर “एआरसी” लिहिलं असेल, तर तो साऊंडबारसाठी मोकळा ठेवा, बॉक्स दुसऱ्याला लावा. वायर भिंतीतून काढत असाल तर पाच मीटरपर्यंत काही अडचण नाही. दहाच्या पुढे साध्या केबलचा भरवसा नाही. ओटीवरून माजघर ओलांडून पडवीपर्यंत न्यायची असेल, तर वायर लांब करण्याऐवजी बॉक्सच टीव्हीजवळ न्या आणि छत्रीची केबल लांबवा. प्लास्टर करण्याआधी चालवून बघा. एका घरात भिंत पुन्हा फोडलेली मी पाहिली आहे.

चालू केल्यावर रिमोटचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबा आणि ज्यात वायर लावली तो एचडीएमआय क्रमांक निवडा. आणि इथे बहुतेक लोक थांबतात. चित्र आलं की झालं! पण बॉक्सच्या मेनूत जाऊन रिझोल्यूशन बघा. कित्येकदा ते आधीच्या एव्हीच्या वेळचं ५७६ वरच असतं. ते १०८०आय करा, आपल्याकडचे एचडी चॅनेल त्यातच येतात. टीव्ही “एचडी रेडी” म्हणजे १३६६ गुणिले ७६८ चा असेल, तर ७२०पी पण लावून बघा. जे डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवा. चित्राचा आकार १६:९ करा. जुने चॅनेल ४:३ चे असतात, ते ताणले की सगळे नट फुगलेले दिसतात. कडेला काळे पट्टे येऊ द्या, ते बरे. कडेची अक्षरं कापली जात असतील, तर टीव्हीच्या मेनूत “जस्ट स्कॅन” किंवा “वन टू वन” असा पर्याय शोधा.

काकीकडे मी काय केलं, तर कुंभारणीचं घर टूथपिकने कोरून काढलं, ब्रश मारला, माझ्याकडची दीड मीटरची केबल लावली, बॉक्स १०८०आयवर आणला. मालिका चालू होती. काकी सूप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, हिच्या साडयेक बुट्टे आसत!” तीन वर्षं रोज तीच मालिका बघत होती.

खारी हवा आणि वीज

हा भाग टीव्हीच्या माहितीपुस्तकात नसतो. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत घर असेल, तर पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. एव्हीच्या उघड्या पिना आधी जातात. मग चित्र काळं-पांढरं होतं, वायर हलवली की रंग येतो. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांनी चित्र सुधारत नाही, पण सोनं गंजत नाही. म्हणून किनाऱ्यावर मी तशाच घेतो. वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि मे महिन्यात, पिना दोन-तीनदा काढघाल करा, कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा आणि वाळल्यावरच लावा. खोबरेल लावू नका, पॉलिशपेपर तर मुळीच नको. रिकाम्या पोर्टांवर चिकटपट्टी मारा, कुंभारणीसाठी.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात लोक फक्त लाइटीचा प्लग काढतात. माझ्या स्वतःच्या घरी मी ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी एवढंच केलं होतं. वीज पडली ती समोरच्या माडावर, पण तिचा झटका छत्रीच्या केबलने बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत आला. बॉक्स गेला, टीव्हीचा एचडीएमआय एक गेला. दोन नंबरवर अजून चालतोय. म्हणून ढग दाटायला लागले की, गडगडाट डोक्यावर येण्याआधी, प्लग काढा, छत्रीची केबल बॉक्समधून फिरवून सोडवा आणि एचडीएमआयही ओढून ठेवा. डोक्यावर आल्यावर मात्र त्या केबलला हात लावू नका, टीव्ही गेला तर गेला.

शेवटचं काम चाकरमान्यांसाठी. गौरी-गणपती गेले की तुम्ही मुंबईला जाता आणि मागे म्हातारी माणसं राहतात. वीज थांबल्यावर तीच वायर त्यांना परत लावायची असते. एचडीएमआयच्या पिनेवर आणि टीव्हीच्या सॉकेटशेजारी एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, छत्रीच्या केबलला आणि तिच्या सॉकेटला दुसऱ्या रंगाचा. रिमोटच्या सोर्स बटणावरही एक ठिपका, आणि रिमोटच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत “एचडीएमआय २”, किंवा जो क्रमांक असेल तो. काकीच्या रिमोटवर मी हे केलं, त्यानंतर तिचा फोन आलाय तो फक्त फणस न्यायला ये म्हणून.